हजेरीपट आणि दवाखान्याची चिठ्ठी

तेहेतीस वर्षं मी नागपुरात पाचवी ते सातवीच्या मुलांना शिकवलं. त्यातली निदान वीस वर्षं हजेरीपट माझ्या दृष्टीने हिशेबाची वही होती. महिनाअखेर बेरीज जुळली, सरासरी उपस्थिती काढून झाली, की काम संपलं. ज्या मुलाच्या नावापुढे गैरहजेरीच्या खुणा जास्त, तो मुलगा अनियमित. अनियमित मुलाच्या प्रगतिपुस्तकात काय लिहायचं तेही ठरलेलं होतं: ‘पालकांनी लक्ष द्यावे.’

पुढच्या पानांतली वैद्यकीय प्रकरणं डॉक्टरांनी लिहिली आहेत आणि ती त्यांनीच लिहायला हवी होती. प्रस्तावना मात्र शिक्षकाने लिहावी असा त्यांचा आग्रह होता. मी ती लिहिते आहे त्याचं कारण माझ्या वर्गातला एक मुलगा.

तो सहावीत होता. अंगाने बारीक, वयाच्या मानाने ठेंगणा, डोळ्यांचा पांढरा भाग कायम पिवळसर. पाऊस लागला की चार दिवस गैरहजर, डिसेंबर-जानेवारीत आठ-आठ दिवस. परत आला की म्हणायचा, “मॅडम, हात-पाय लय दुखून राहिले होते.” मला ते खोटं वाटायचं. काल मैदानावर खेळणाऱ्या मुलाचे हात-पाय आज असे कसे दुखतील? त्याची आई कुणाकुणाच्या घरची धुणीभांडी करायची. डोळे पिवळे म्हणजे कावीळ, म्हणून ती त्याला कावीळ उतरवणाऱ्याकडे नेत असे. एका जानेवारीत तो तीन आठवडे आला नाही. पुढच्या वर्षी पटावर त्याचं नाव नव्हतं. त्याचं काय झालं ते मला कळलं नाही आणि मी घरी जाऊन चौकशीही केली नाही. काही वर्षांनी शिक्षकांसाठीच्या एका शिबिरात एक डॉक्टर सिकलसेलची लक्षणं सांगत होते आणि मी मागच्या बाकावर बसून तो मुलगा डोळ्यांसमोर आणत होते. एकही लक्षण सुटत नव्हतं.

सिकल म्हणजे विळा. रक्तातल्या तांबड्या पेशी एरवी गोल आणि लवचिक असतात, बारीकातल्या बारीक नसेतूनही मुडपून निघून जातात. सिकलसेल असलेल्या मुलाच्या पेशी प्राणवायू कमी पडला, अंगातलं पाणी आटलं, थंडी लागली किंवा ताप आला की ताठ होतात, विळ्यासारख्या वाकतात आणि नसेत अडकून बसतात. अडकल्या त्या जागी, म्हणजे हाडात, छातीत, पोटात, असह्य कळा सुरू होतात. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. ही पेशी १० ते २० दिवसांत फुटते. म्हणून रक्त कायम कमी आणि डोळे पिवळे. ती कावीळ यकृताची नसते. झाडपाल्याने ती उतरणार कशी?

वैद्यकीय जगाने हा आजार १९१० साली पहिल्यांदा नोंदवला, शिकागोत, जेम्स हेरिक या डॉक्टरने. भारतात तो १९५२ मध्ये निलगिरीच्या डोंगरांतल्या आदिवासींमध्ये आढळला. विदर्भातल्या वाचकाने लक्षात ठेवावं असं साल त्यानंतरचं आहे. १९५८ साली नागपूरच्या डॉ. शुक्ला आणि डॉ. सोलंकी यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मध्य भारतातल्या सिकलसेलवर लेख प्रसिद्ध केला. म्हणजे माझ्या वर्गातला तो मुलगा जन्मण्याच्या कितीतरी आधी, आमच्याच गावातल्या डॉक्टरांनी त्याच्या दुखण्याचं नाव साऱ्या जगाला सांगितलेलं होतं. ते नाव माझ्या शाळेपर्यंत पोहोचलं नाही.

पूर्व विदर्भात हा आजार गोंड, माडिया, परधान अशा आदिवासी समाजांत आहे, पूर्वाश्रमीच्या महार म्हणजे आजच्या बौद्ध समाजात आहे आणि इतर मागास जातींतही आहे. त्याचं मूळ मलेरियाच्या रानात आहे. आई किंवा बाप यांपैकी एकाकडूनच हा दोष आला तर माणूस नुसता वाहक राहतो. त्याला सहसा त्रास नसतो, उलट मलेरियाच्या जीवघेण्या तापापासून थोडं संरक्षण मिळतं. म्हणून पिढ्यान्‌पिढ्या जंगलाच्या आश्रयाने राहिलेल्यांच्या रक्तात तो टिकून राहिला. दोघंही वाहक असले, तर प्रत्येक गरोदरपणी मूल सिकलसेलग्रस्त निघण्याची शक्यता चारात एक. आई आणि बाप दोघांचा यात सारखाच वाटा असतो. तरी घरात बोल लागतो तो आईलाच, आणि तपासणीत मुलगी वाहक निघाली तर तिचं लग्न जमण्याची काळजी त्या रात्रीपासूनच सुरू होते. दोष कुणाचाच नाही, हे शिक्षकाने पालकांना सांगितलं तर ते ऐकतात. डॉक्टरपेक्षाही शिक्षकाचं जास्त ऐकतात, हा माझा अनुभव आहे.

आता वर्गाकडे येते, कारण हा आजार रोज भोगायला लागतो तो वर्गात.

सिकलसेल असलेल्या मुलाचं मूत्रपिंड पाणी धरून ठेवू शकत नाही. त्याला भरपूर पाणी प्यावं लागतं आणि सारखं लघवीला जावं लागतं. पाणी कमी प्यायलं तर कळा सुरू होतात. प्यायलं तर तासाच्या मध्येच करंगळी वर होते आणि बहुतेक वर्गांत उत्तर मिळतं, “आत्ता नाही, मधल्या सुटीत.” असं उत्तर मीही शेकडो वेळा दिलं आहे. शाळेतलं मुलींचं स्वच्छतागृह बंद असलं, कुलपाची किल्ली शिपायाकडे असली किंवा नळाला पाणी नसलं, की मुली दिवसभर पाणीच पीत नाहीत. सिकलसेल असलेल्या मुलीसाठी हा थेट दवाखान्याचा रस्ता आहे. शाळेचं आरोग्य म्हटलं की आपण तपासणी, गोळ्या आणि लसी आठवतो. मला सगळ्यात आधी त्या कुलपाची किल्ली आठवते. आश्रमशाळेच्या वसतिगृहात ही मुलं रात्री अंथरूण ओलं करतात म्हणून मार खातात, इतर मुलं त्यांना चिडवतात. तेही दुखण्याचंच लक्षण आहे, हे गृहपालाला कुणी सांगितलेलं नसतं.

नागपूरचा उन्हाळा तर सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, म्हणूनच राज्यभरातल्या शाळा जूनच्या मध्याला सुरू होतात तेव्हा विदर्भातल्या आणखी काही दिवस थांबतात. पण मार्च आणि एप्रिलमध्ये शाळा चालू असते, परीक्षा असतात, आणि दुपारी पत्र्याच्या छताखाली बसलेलं मूल घामाने सुकत असतं. हिवाळ्यात उलट. डिसेंबरातल्या सकाळी पातळ शर्टात उघड्या मैदानावर कवायतीला उभं केलेलं मूल दुपारपर्यंत पाय धरून बसू शकतं. उशिरा आला म्हणून मैदानाला पाच फेऱ्या मारायला लावणं ही आपल्याकडची जुनी, निरुपद्रवी समजली जाणारी शिक्षा. या मुलाला ती दवाखान्यात पोहोचवू शकते. आणि ताप. इतर मुलाला ताप आला तर आपण घरी पाठवतो आणि दोन दिवस वाट पाहतो. सिकलसेल असलेल्या मुलाची प्लीहा, जिला आपल्या आज्या पानथरी म्हणायच्या, लहानपणीच निकामी होत जाते आणि जंतूंशी लढण्याची ताकद घटते. त्याच्या तापात वाट पाहायची नसते. त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा असतो.

यातल्या कुठल्याच गोष्टीला यंत्र लागत नाही, मोठा निधीही लागत नाही. वर्गात पाण्याची बाटली, तासाच्या मध्ये बाहेर जायची मुभा, हिवाळ्यात स्वेटर, तापाच्या दिवशी पालकांना फोन. एवढ्यावर कितीतरी कळा टळतात.

शाळेत मुलांची तपासणी करण्याची कल्पना काही परक्यांनी आपल्याला दिलेली नाही. भारतातली शाळकरी मुलांची पहिली वैद्यकीय तपासणी १९०९ साली बडोदा शहरात झाली, सयाजीराव गायकवाडांच्या कारकिर्दीत. पुढे १९४६ मध्ये भोर समितीने शाळांतली आरोग्यसेवा नावापुरतीच असल्याचं स्पष्ट लिहिलं, १९६० मध्ये रेणुका राय यांच्या अध्यक्षतेखाली शालेय आरोग्यावर वेगळी समिती नेमली गेली. अहवाल येत राहिले. फेब्रुवारी २०१३ मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम महाराष्ट्रातल्याच पालघरमधून सुरू झाला, आणि तेव्हापासून शाळेच्या फाटकात वर्षातून एकदा एक गाडी थांबू लागली. दोन डॉक्टर, एक परिचारिका, एक औषधनिर्माता. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांत जन्मजात व्यंगं, आजार, जीवनसत्त्वांची वा रक्ताची कमतरता आणि वाढीतला विलंब शोधायचा, असं एकूण ३० प्रकारच्या दुखण्यांचं काम. अंगणवाडीत ही तपासणी वर्षातून दोनदा. मी या पथकांना जवळून काम करताना पाहिलं आहे. एका दिवसात दीड-दोनशे मुलांची उंची, वजन, डोळे, दात, कान, त्वचा पाहणारी ही माणसं मनापासून काम करतात. कार्यक्रम चांगला आहे. अडचण पथक निघून गेल्यानंतर सुरू होते.

एका वर्षी तपासणीत आमच्या शाळेतल्या एका मुलीचं बोट टोचून सिकलसेलसाठी रक्त घेतलं. या पहिल्या तपासणीला सोल्युबिलिटी टेस्ट म्हणतात. नळीतल्या द्रावणात रक्ताचा थेंब टाकतात आणि मागे काळ्या रेघांचा कागद धरतात. रेघा दिसल्या तर ठीक. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या, तर रक्तात सिकलचा दोष आहे. पण ती मुलगी नुसती वाहक आहे की ग्रस्त, हे या तपासणीवरून कळत नाही. त्यासाठी रक्त पुढे प्रयोगशाळेत जावं लागतं आणि इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करावी लागते. त्या मुलीच्या नळीमागच्या रेघा दिसल्या नाहीत. डॉक्टरांनी एक चिठ्ठी लिहिली, पुढच्या तपासणीसाठी दवाखान्यात जा, आणि ती तिच्या हातात दिली. अकरा महिन्यांनी, वार्षिक परीक्षेच्या आधी, तिच्या दप्तरात काहीतरी शोधताना मला ती चिठ्ठी सापडली. चार घड्या केलेली, घड्यांवर फाटलेली. तिने घरी दाखवली होती. वडिलांनी “पाहू” म्हटलं होतं.

वडिलांना दोष देण्याआधी त्यांचा हिशेब मांडून पाहा. नागपुरात गरिबाच्या मुलासाठी दवाखान्यांची तीन नावं असतात: मेडिकल, मेयो आणि डागा. शहरातल्या बापाला त्यासाठी एका दिवसाची मजुरी सोडावी लागते. सकाळी चिठ्ठी काढायची रांग, मग ओपीडीची रांग, मग रक्त द्यायची रांग, आणि दुपारी कळतं की रिपोर्ट अमुक दिवशी मिळेल. म्हणजे दुसरी मजुरीही गेली. आणि हा शहरातला माणूस. रामटेक तालुक्यातल्या देवलापारच्या पुढच्या आदिवासी खेड्यातून निघालेल्या आईला नागपूर साठ-सत्तर किलोमीटर दूर आहे, आणि महामार्गावर एसटी पकडायच्या आधी खेड्यातून पायी बाहेर यायचं आहे. विटाभट्टीवरच्या कुटुंबाचं तर रिपोर्ट यायच्या आत गावच बदललेलं असतं. चिठ्ठी लिहिणाऱ्याचं काम चिठ्ठी दिल्यावर संपलं, शाळेचं काम तपासणीचा दिवस पार पडल्यावर संपलं, आणि दवाखान्याला तर अशी कुणी मुलगी आहे हेच माहीत नाही. तिघांपैकी कुणीही चुकलेलं नाही आणि मुलगी मात्र अकरा महिने तशीच राहिली.

शाळा आणि दवाखाना यांच्यातली ही जागा मोकळी आहे, आणि ती भरायला कुणीही नेमलेलं नाही. माझं ठाम मत असं, की आपल्या मुलांच्या आरोग्यात आज सगळ्यात जास्त नुकसान होतं ते याच जागेत. डॉक्टर कमी आहेत हे खरं आहे, औषधं कधी संपतात हेही खरं आहे. पण ज्या मुलाचं दुखणं सापडलेलं आहे, नोंदलेलं आहे, ज्यावर इलाज नागपुरातच उपलब्ध आहे, ते मूल केवळ कुणी विचारलं नाही म्हणून उपचाराशिवाय राहावं, याला आपल्यापाशी काहीही उत्तर नाही.

इलाज उपलब्ध आहे, हे मी डॉक्टरांच्या भरवशावर लिहिते. हायड्रॉक्सीयुरिया नावाचं औषध कळांचे झटके कमी करतं. मेडिकलच्या बालरोग विभागातल्या डॉ. दीप्ती जैन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आजार तीव्र असलेल्या मुलांना हे औषध वजनाच्या किलोमागे रोज १० मिलिग्रॅम, म्हणजे कमी मात्रेत, देऊन पाहिलं. २०१२ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. मुलांच्या कळा कमी झाल्या, रक्त चढवण्याची आणि भरती होण्याची वेळ कमी आली. भारतातला सिकलसेल सौम्य असतो, असं बरीच वर्षं म्हटलं जायचं. नागपूरच्या मुलांबाबत ते खरं नाही, हेही इथल्याच डॉक्टरांनी दाखवलं. सिकलसेल सोसायटी ऑफ इंडियाचे संपत रामटेके यांनी आपलं आयुष्य या रुग्णांसाठी वेचलं. डिसेंबर २०२२ मध्ये चंद्रपुरात रक्तातल्या अशाच आजारांसाठी संशोधन केंद्र राष्ट्राला अर्पण झालं, आणि १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं. सात कोटी लोकांची तपासणी करायची आणि २०४७ पर्यंत हा आजार सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून संपवायचा, असं त्याचं उद्दिष्ट आहे. सात कोटी तपासण्यांतून किती चिठ्ठ्या निघतील, याचा विचार आपण आजच करायला हवा.

जमैकाची गोष्ट या पुस्तकाच्या तिसऱ्या प्रकरणात सविस्तर येते. मला ती इतकी भावली की इथेही सांगते. किंग्स्टनच्या एका प्रसूतिगृहात १९७३ पासून जन्मणाऱ्या १ लाख बाळांचं रक्त तपासलं गेलं. डॉ. ग्रॅहम सर्जंट यांचं पथक ते काम करत होतं. सिकलसेल असलेल्या लहान मुलांत कधीकधी रक्त एकाएकी पानथरीत साठतं, पोट फुगतं आणि काही तासांत मूल जातं. त्या डॉक्टरांनी आयांना बाळाच्या पोटावर बोटं ठेवून पानथरी चाचपायला शिकवलं. वाढलेली लागली तर लगेच दवाखाना. या एका उपायाने अशा मृत्यूंचं प्रमाण झपाट्याने खाली आलं. कागद देऊन घरी पाठवण्याऐवजी त्यांनी आईच्या बोटांवर विश्वास टाकला. आपल्याकडे आईबरोबर शिक्षकाचे डोळे आहेत, वर्षातले दोनशेहून अधिक दिवस मुलावर असलेले.

दोन गोष्टींबद्दल मात्र सावध करते. पहिली, वर्गात उभं करून कुणाचं नाव घेऊ नका. ‘सिकलवाला’ हे नाव एकदा पडलं की ते शाळा सुटेपर्यंत जात नाही, आणि मुलीच्या बाबतीत तर लग्नापर्यंत जात नाही. ज्याला माहीत असायला हवं त्यालाच सांगा, पालकांना विचारून सांगा. दुसरी, शाळेत मुलांना मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या. बहुतेक मुलांसाठी त्या फार गरजेच्या आहेत. पण ज्याला वारंवार रक्त चढवलं आहे, त्याच्या अंगात लोह आधीच साठलेलं असू शकतं. त्याच्याबाबत आधी डॉक्टरांना विचारा.

आणि सवलती. दहावी-बारावीच्या परीक्षेत सिकलसेलग्रस्त विद्यार्थ्याला तासाला २० मिनिटं जादा मिळतात. एसटीचा प्रवास आहे, संजय गांधी निराधार योजना आहे, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात या आजाराचा समावेश आहे. फॉर्म कुठे मिळतो, कोणता दाखला लागतो, हे शेवटच्या प्रकरणात क्रमाने दिलं आहे. मुख्याध्यापकांनी ते प्रकरण आधी वाचावं, कारण नववीच्या वर्षातच दाखला काढून ठेवला नाही तर दहावीच्या परीक्षेपर्यंत तो हाती येत नाही.

त्या चिठ्ठीच्या मुलीला मी एका शनिवारी तिच्या आईबरोबर दवाखान्यात घेऊन गेले. ती ग्रस्त निघाली. औषध सुरू झालं. त्यानंतरच्या हिवाळ्यात ती फक्त चार दिवस गैरहजर होती. मी ते हजेरीपटात मोजून पाहिलं.

शिक्षक मित्रांनो, हे पुस्तक कपाटात ठेवण्याआधी एक काम करा. यंदाच्या पहिल्या पालकसभेला गेल्या वर्षीचा हजेरीपट बरोबर घेऊन जा. ज्यांच्या नावापुढे गैरहजेरीच्या खुणा सगळ्यात दाट आहेत अशा पाच मुलांच्या आयांना सभा संपल्यावर थांबवा. रागवू नका, सही मागू नका. जवळ बसून इतकंच विचारा: “ताई, लेकरू काहून येत नव्हतं?” आणि दप्तरात कुठली चिठ्ठी आहे का, तेही विचारा.